बेरी फुटबॉल क्लब

बेरी फुटबॉल क्लब हा इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टर परगण्यातील बेरी या गावाचा फुटबॉल क्लब आहे. इ.स. १८८५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १८९४ पासून १२५ वर्षे इंग्लिश फुटबॉल लीगचा सदस्य होता. २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगने त्याचे सदस्यत्व काढून घेतले. त्या वेळी क्लबला तिसऱ्या श्रेणीत बढती मिळून पुरते चार महिनेही झाले नव्हते. मैदानावर जिंकलेला क्लब हिशेबाच्या वहीत हरला, असे या घटनेचे थोडक्यात वर्णन करता येईल. त्यानंतरची सुमारे चार वर्षे क्लबचे नाव, मैदान आणि संघ तीन वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले होते. इंग्लंडमधील खालच्या श्रेणीतील क्लबांचे भवितव्य किती नाजूक असते आणि ते नेमके कशावर अवलंबून असते, हे समजून घेण्यासाठी बेरीचे उदाहरण वारंवार दिले जाते.

गाव आणि नाव

बेरी हे मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर, अरवेल नदीच्या काठी वसलेले जुने गिरणगाव आहे. १९७४ पर्यंत ते लँकेशर परगण्यात मोडत असे. इ.स. १७३३ मध्ये विणकामातील धावत्या धोट्याचा शोध लावणारा जॉन के हा याच परिसरातला. मामा वरेरकरांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या या शब्दाचे मूळ यंत्र बेरीच्या भूमीत जन्मले, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात नसते. लंडनच्या पोलीस दलाचे संस्थापक सर रॉबर्ट पील यांचाही जन्म बेरीचाच.

गावाच्या नावाचे इंग्रजी वर्णलेखन पाहून ते मराठीत 'बरी' किंवा 'ब्युरी' असे लिहिण्याचा मोह होतो. प्रचलित उच्चार मात्र 'बेरी' असा आहे. याच अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'पुरणे' असा होतो. २०१९ च्या घटनांनंतर हा योगायोग क्लबच्या चाहत्यांना नकोसा वाटला असल्यास नवल नाही.

पूर्वेतिहास

गावातील दोन चर्चांशी संबंधित संघ एकत्र येऊन १८८५ मध्ये हा क्लब जन्माला आला आणि त्याच वर्षापासून गिग लेन हे त्याचे मैदान झाले. ही जमीन मुळात अर्ल ऑफ डर्बी यांच्या जहागिरीची होती. १९२२ मध्ये ती क्लबला भेट म्हणून मिळाली. मैदान क्लबच्या मालकीचे कसे झाले ही बाब येथे मुद्दाम नोंदवली आहे, कारण पुढचा सारा गुंता त्याच मालकीभोवती फिरतो.

क्लबने एफ.ए. चषक दोनदा जिंकला. १९०० मध्ये साउदम्प्टनचा ४–० असा, तर १९०३ मध्ये डर्बी काउंटीचा ६–० असा पराभव केला. १९०३ च्या स्पर्धेत बेरीने अंतिम सामन्यापर्यंत एकही गोल स्वीकारला नाही. अंतिम सामन्यातील सहा गोलांच्या फरकाचा विक्रम ११६ वर्षे अबाधित राहिला. मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६–० असे हरवून त्याची बरोबरी केली ती १८ मे २०१९ रोजी. विक्रमाला वाटेकरी मिळाला त्या दिवशी बेरीच्या खेळाडूंचे पगार थकलेले होते.

१९२५-२६ च्या हंगामात क्लब पहिल्या श्रेणीत चौथा आला. ही त्याची लीगमधील सर्वोच्च कामगिरी. १९२९ नंतर तो पहिल्या श्रेणीत कधीच परतला नाही. पुढील आठ-नऊ दशके वर-खाली होण्यात गेली. त्यातून एक वेगळाच विक्रम निर्माण झाला. लीगच्या चारही श्रेणींमध्ये प्रत्येकी हजार गोल करणारा पहिला क्लब म्हणून २००५ मध्ये बेरीची नोंद झाली. हा विक्रम जितका सातत्याचा, तितकाच घसरणीचाही आहे.

क्लब म्हणजे नेमके काय

चाहत्याच्या दृष्टीने क्लब ही एकसंध वस्तू असते. कायद्याच्या दृष्टीने तिचे निदान तीन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे कंपनी. खेळाडूंचे करार, कर्मचाऱ्यांचे पगार, कर व कर्जे कंपनीच्या नावे असतात आणि तिचे भाग कोणालाही विकत घेता येतात. दुसरा भाग मैदान. ते कंपनीचे, नगरपालिकेचे किंवा एखाद्या त्रयस्थाचे असू शकते आणि गहाणही पडू शकते. तिसरा भाग लीगचे सदस्यत्व. ते बाजारात विकता येत नाही. लीग ते अटींवर देते आणि अटी मोडल्यास परत घेते. सदस्यत्व नसेल तर सामने नाहीत, सामने नसतील तर तिकिटे नाहीत आणि प्रक्षेपणाच्या पैशातील वाटाही नाही.

हे तिन्ही भाग एकाच हाती असतात तोवर त्यांतील फरक कोणाला जाणवत नाही. संकट आले की तो उघडा पडतो. घेणेकऱ्यांचे लक्ष मैदानाकडे जाते, मालकाचे कंपनीकडे, लीगचे आपल्या वेळापत्रकाकडे. संपूर्ण क्लबकडे पाहणारा एकटा चाहता उरतो, आणि त्याच्या हाती यांपैकी काहीच नसते.

खालच्या श्रेणीत ही जोखीम अधिक असते. तेथे प्रक्षेपणाचे उत्पन्न बेताचे, तर बढती मिळवण्यासाठी लागणारे खेळाडू महाग. खेळाडूंच्या पगारावर उलाढालीच्या ठराविक टक्क्यांची मर्यादा लीगने घातली होती, परंतु मालकाने घातलेले भांडवल वा दिलेली देणगी उलाढालीतच धरली जाई. परिणामी मालकाचा खिसा उघडा आहे तोवर मर्यादा पाळल्यासारखी दिसे. तो बंद झाला की करारात लिहिलेले पगार मात्र द्यावेच लागत.

कर्जाचा काळ

क्लबवर आर्थिक संकट प्रथमच आले असे नव्हते. २००२ मध्येही तो प्रशासकाच्या ताब्यात गेला होता आणि चाहत्यांनी वर्गणी काढून तो वाचवला होता. २०१३ मध्ये बांधकाम व्यावसायिक स्टुअर्ट डे यांनी क्लब घेतला. त्यांच्या काळात संघावर मोठा खर्च झाला, गिग लेनवर कर्जे काढली गेली, आणि मैदानालगतच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागाही गुंतवणूकदारांना विकण्यात आल्या. लॉर्ड डर्बींनी दिलेली जमीन अशा रीतीने सावकाराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

डिसेंबर २०१८ मध्ये डे यांनी क्लब स्टीव्ह डेल यांना १ पौंडाला विकला. खालच्या श्रेणीत अशी किंमत अपवादात्मक नाही. विकत घेणारा प्रत्यक्षात कर्जच घेत असतो आणि पौंड हे कराराच्या वैधतेपुरते नाणे असते. आपल्याला कल्पना होती त्याहून क्लबची स्थिती फार वाईट निघाली, असे डेल यांचे म्हणणे होते. बेरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेही आपल्याला आधी ठाऊक नव्हते, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. क्लब चालवण्यास पुरेसा निधी आहे याचा पुरावा लीगला मिळण्याआधीच हा व्यवहार पूर्ण झाला होता. हा व्यवहार ज्या नियमांनी होऊ दिला, त्या नियमांवर नंतर सर्वाधिक टीका झाली.

२०१९ चा उन्हाळा

प्रशिक्षक रायन लो यांच्या संघाने पगार थकलेले असतानाही खेळ सोडला नाही. ३० एप्रिल २०१९ रोजी ट्रॅन्मियर येथील बरोबरीने बढती निश्चित झाली आणि चौथ्या श्रेणीत संघ दुसरा आला. महिन्याभरात लो प्लिमथला गेले आणि बहुतेक खेळाडूंनीही वाट धरली.

जुलैमध्ये घेणेकऱ्यांशी तडजोडीचा करार झाला. खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण फेडायची, तर तारण नसलेल्या अन्य घेणेकऱ्यांना रकमेच्या २५ टक्के द्यायचे, असे त्यात ठरले. फुटबॉलमधील देणी आधी आणि संपूर्ण फेडण्याचा हा नियम इंग्लंडमध्ये जुना आहे. गावातला छापखाना, खानावळवाला आणि सरकारी कर खाते मात्र चतुर्थांशावर समाधान मानतात. लीगच्या दृष्टीने हा नियम स्पर्धेच्या न्याय्यतेसाठी आहे. छापखानेवाल्याला तो तसा वाटत असेल का, हा निराळा प्रश्न.

या करारामुळे नव्या हंगामासाठी क्लबचे १२ गुण आपोआप वजा झाले. हंगाम पूर्ण करण्याइतका पैसा आहे याचा पुरावा लीगने मागितला. तो समाधानकारक न वाटल्याने ऑगस्टमधील सामने एकामागून एक स्थगित होत गेले. या काळात एका माजी संचालिकेने मैदानाबाहेरच्या नळाला स्वतःला बेडीने बांधून घेतले. तिचे वडील याच क्लबचे खेळाडू होते.

अखेरच्या टप्प्यात एका कंपनीने क्लब विकत घेण्याची तयारी दाखवली आणि लीगने २७ ऑगस्टच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत मुदत वाढवली. व्यवहार होणार या आशेने त्या सकाळी शेकडो लोक झाडू, फडकी आणि बादल्या घेऊन गिग लेनवर जमले. पुढच्या सामन्यासाठी खुर्च्या पुसल्या, गवत उपटले, जिने झाडले. त्यांत शेजारच्या गावांतील प्रतिस्पर्धी क्लबांचे चाहतेही होते. दुपारी त्या कंपनीने माघार घेतली. रात्री हकालपट्टीचा निर्णय जाहीर झाला तेव्हा मैदान स्वच्छ होते.

त्याच दिवशी शेजारच्या बोल्टन वाँडरर्स या क्लबला लीगने १४ दिवसांची मुदत दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा सौदा पार पडला. दोन्ही क्लबांमधील अंतर मोटारीने अर्ध्या तासाचेही नाही. तिसऱ्या श्रेणीने तो हंगाम २४ ऐवजी २३ क्लबांनिशी खेळला. १९९२ मध्ये मेडस्टोन युनायटेड लीगबाहेर पडल्यानंतर असा प्रसंग प्रथमच आला होता.

एक गाव, दोन निष्ठा

यानंतर चाहत्यांमध्ये दोन विचार निर्माण झाले. एका गटाने नवा क्लब काढला: बेरी ए.एफ.सी. तो २०२० पासून नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या स्तरावर, शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळू लागला. २०२१-२२ मध्ये त्याने आपली श्रेणी जिंकली. दुसऱ्या गटाचा आग्रह जुने मैदान परत मिळवण्याचा होता. नोव्हेंबर २०२० मध्ये जुनी कंपनी प्रशासकाकडे गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एस्ट. १८८५' या चाहत्यांच्या संस्थेने सरकारी सामुदायिक मालकी निधीतील १० लाख पौंड आणि देणग्यांच्या बळावर गिग लेन तसेच क्लबचे नाव व स्मृतिचिन्हे विकत घेतली.

अशी विचित्र स्थिती झाली की एका गटाकडे संघ आणि लीगमधील जागा, तर दुसऱ्याकडे मैदान आणि नाव. दोन्ही गट प्रामाणिक होते आणि त्यामुळेच समेट कठीण होता. संघ नसलेले मैदान हा इतिहासाचा सांगाडा, असे एका बाजूस वाटे; उसन्या मैदानावरचा संघ हा नवाच क्लब, असे दुसऱ्या बाजूस. ऑक्टोबर २०२२ मधील एकत्रीकरणाच्या मतदानात नव्या क्लबच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने होकार दिला. दुसऱ्या संस्थेतही बहुमत अनुकूल होते, परंतु ठरलेली मर्यादा थोडक्यात हुकली. घरे, मैत्र्या आणि खानावळीतील टेबले या प्रश्नावर विभागली गेली असतील, हे लहान गावात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मे २०२३ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि या वेळी दोन्हीकडे ठराव संमत झाला. जूनमध्ये फुटबॉल असोसिएशनने जुने नाव वापरण्यास अनुमती दिली. २०२३-२४ च्या हंगामापासून बेरी फुटबॉल क्लब पुन्हा गिग लेनवर खेळू लागला. नाव, मैदान आणि लीगमधील जागा चाहत्यांच्याच संस्थांच्या छत्राखाली एकत्र आली.

नवा कायदा आणि सध्याची स्थिती

बेरीच्या घटनेमुळे फुटबॉलच्या कारभाराची चौकशी हा राष्ट्रीय प्रश्न झाला. खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील चाहताकेंद्री आढावा नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील शिफारशींवर आधारलेल्या फुटबॉल कारभार कायद्याला २१ जुलै २०२५ रोजी राजसंमती मिळाली. क्लबांना परवाना देणे, मालकांची पात्रता व निधीचा उगम तपासणे, मैदान विकण्यास पूर्वपरवानगी आवश्यक करणे हे अधिकार आता स्वतंत्र नियामकाकडे आहेत. २०१८ मधील विक्री आजच्या नियमांखाली सहजासहजी झाली नसती.

मैदानावरची वाटचाल दरम्यान चालूच राहिली. नवव्या स्तरावर, जेथे एरवी काही शेकडा प्रेक्षक असतात, तेथे बेरीच्या घरच्या सामन्यांना ३,००० हून अधिक लोक येत. २०२४-२५ मध्ये क्लबने नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगची प्रीमियर श्रेणी जिंकली आणि २०२५-२६ साठी तो आठव्या स्तरावरील नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या पश्चिम विभागात गेला. तेथून फुटबॉल लीगच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचण्यास आणखी चार बढत्या लागतात. सुमारे १२,००० प्रेक्षकांसाठी बांधलेल्या मैदानाची देखभाल तोवर तिकिटे, सभासदांची वर्गणी आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर करावी लागणार आहे. नव्या नियामकाचे क्षेत्र वरच्या पाच स्तरांपुरते आहे. ज्या क्लबच्या अनुभवातून हा कायदा घडला, तो क्लब सध्या त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.