कांपणाऱ्या नळाची साक्ष

धायरी फाट्यावरून गांवाकडे वळलें कीं लेथ आणि वेल्डिंग यांचीं लहान लहान दुकानें दिसूं लागतात. आमच्या इमारतीच्या पंपाचा लोखंडी नळ गेल्या वर्षीं तेथें तीन वेळां जोडून आणावा लागला. नळ नवा होता, पाण्याचा दाबही बेताचाच होता. तरी दर खेपेस भेग पडे ती पंपाजवळच्या त्याच सांध्यापाशीं. तिसऱ्या खेपेस कारागिरानें तुटलेला तुकडा हातांत फिरवून विचारलें, "साहेब, नळ थरथरतो का?" घरीं येऊन पंप चालू केला व नळावर हात ठेवला, तों तो खरोखरच थरथरत होता. त्याला धरून ठेवणारा क्लँप निसटला होता. तो घट्ट बसविला आणि पुन्हां भेग पडली नाहीं.

अणुविद्युत्केंद्रांतील नळास भेग पडली म्हणजे तज्ज्ञांना हाच प्रश्न विचारावा लागतो. मात्र तेथील कित्येक नळांतून प्रचंड दाबाचें, अतिशय तापलेलें पाणी वाहत असतें, आणि भट्टी चालू असतां किरणोत्सर्गामुळें त्यांच्याजवळ जाऊन हात ठेवतां येत नाहीं.

नुसत्या थरथरीनें पोलाद तुटतें कसें? तार एकदां वांकवली तर तुटत नाहीं; तीच पुनःपुन्हां वांकवली कीं तुटते. एकोणिसाव्या शतकांत जर्मनीमध्यें ऑगस्ट व्होलर यांनीं आगगाडीच्या आंसांवर दीर्घ प्रयोग करून दाखविलें, कीं एका फटक्यांत जो भार धातु सहज सोसतो, तोच भार लक्षावधि वेळां उलटसुलट पडला तर धातु हार खातो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. मिनिटास १५०० फेरे करणारा पंप फेऱ्यागणिक एक हिसका देत असेल, तर एका दिवसांत नळास २१ लाख ६० हजार हिसके बसतात! त्यांतच नळाच्या स्वाभाविक आंदोलनाचा ताल पंपाच्या तालाशीं जुळला, तर योग्य क्षणीं ढकललेल्या झोपाळ्याप्रमाणें कंप वाढत जातो. मोठ्या नळापेक्षां त्यास जोडलेल्या बारीक शाखांना हा धोका विशेष. कारण त्यांच्या टोकाशीं जड झडप लोंबत असते आणि सगळा ताण मुळाशीं असलेल्या वेल्डवर येतो.

भेग सांपडल्यावर ती लगेच बुजविण्याचा मोह होतो. पण बुजविलेली भेग साक्ष देत नाहीं. म्हणून तपासणारे तो भाग कापून जपून ठेवतात आणि तुटलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर घांसूंही देत नाहींत. थकव्यानें तुटलेल्या पृष्ठभागावर बहुधा, ओहोटीनंतर वाळूवर राहणाऱ्या लाटांच्या खुणांसारख्या, वक्र रेषा दिसतात. त्या ज्या बिंदूभोंवतीं असतात तेथें भेगेचा जन्म झालेला असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं त्याहूनही बारीक रेषा दिसतात, आणि त्यांवरून भेग कोणत्या गतीनें वाढली याचा अंदाज बांधतां येतो.

परंतु प्रत्येक भेग कंपामुळेंच पडते असें नाहीं. आपल्या तारापूर येथें १९६९ सालीं ज्या जातीच्या, म्हणजे पाणी उकळविणाऱ्या, दोन भट्ट्या सुरू झाल्या, त्या जातीच्या भट्ट्यांतील पोलादी नळांना जगांत अनेक ठिकाणीं भेगा पडल्या. त्या मुख्यतः ताण आणि गंज यांच्या संगनमतानें पडल्या होत्या. अशी भेग धातूच्या कणांच्या सीमांवरून फांद्या फोडीत जाते. तेथें क्लँप बसवून भागत नाहीं; धातूची निवड आणि पाण्याची शुद्धता यांकडेच पाहावें लागतें. निदान चुकलें तर औषधही चुकतें.

कंपाचा संशय बळावला कीं नळावर कंपमापक व ताणमापक बसवून दुरून नोंदी घेतात. भट्टी बंद असतां नळावर हातोडीनें हलकेच ठोकून त्याचा स्वाभाविक ताल शोधतात, आणि कोणता पंप चालू असतां, झडप किती उघडी असतां कंप वाढतो, हें ताडून पाहतात. मग आधार कोठें द्यावा हें ठरतें. येथें एक पेंच आहे. दहा मीटर लांबीचा पोलादी नळ अडीचशें अंशांनीं तापला कीं सुमारें तीन सेंटिमीटर वाढतो. त्याला वाढावयास मोकळीक हवी आणि कंप थांबविण्यास बंधन हवें. अविचारानें आवळलेला नळ थरथरीनें न तुटतां उष्णतेच्या ताणानें तुटेल!

जपानांतील मिहामा केंद्राची दुसरी भट्टी १९७२ पासून चालू होती. तिच्या बाष्पजनकांत बोटाएवढ्या जाडीच्या हजारों नळ्या होत्या. ९ फेब्रुवारी १९९१ रोजीं त्यांतील एक नळी पूर्ण तुटली, भट्टीचें पाणी वाफेच्या बाजूस शिरलें आणि संकटकाळीं गाभा थंड राखणारी यंत्रणा आपोआप सुरू झाली. तपासांत आढळलें, कीं नळ्यांचा कंप रोखणाऱ्या पट्ट्या आराखड्यांत दाखविल्या होत्या तितक्या खोल शिरल्याच नव्हत्या. बांधणीच्या वेळची एवढीशी उणीव जवळजवळ एकोणीस वर्षें नळीस हालवीत राहिली.

आपल्या देशांत, उत्तर प्रदेशांतील नरोरा येथें, ३१ मार्च १९९३ रोजीं पहांटे टर्बाइनचीं दोन पातीं थकव्यानें तुटलीं. तोल गेलेल्या यंत्राच्या भयंकर हादऱ्यांनीं जनित्र थंड राखणाऱ्या हायड्रोजन वायूस वाट फुटली, आग लागली, विजेच्या तारा जळाल्या, आणि केंद्र सुमारें सतरा तास विजेविना राहिलें. कर्मचाऱ्यांनीं भट्टी बंद केली आणि आग विझविण्याच्या पाण्याचे डिझेल पंप लावून ती थंड राखली, म्हणून किरणोत्सर्गाचा अनर्थ टळला.

तेव्हां भेग बुजविणें ही दुरुस्ती नव्हे. ती कां पडली हें कळून तें कारण दूर झालें, तरच दुरुस्ती पुरी झाली. धायरीच्या त्या कारागिराजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, कंपमापक नव्हता. पण तिसऱ्यांदा सांधा जोडण्यापूर्वीं तो थांबला आणि त्यानें प्रश्न विचारला. आम्हीं तो पहिल्याच खेपेस विचारावयास हवा होता.