भोकरदन ते पाँपेई : इटलीच्या किनाऱ्यावरील एक दिवस

नेपल्स येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती जपून ठेवलेली आहे. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. अंगावर भरगच्च अलंकार, पाठीवर रुळणारी वेणी आणि दोन्ही बाजूंस प्रसाधनाची पात्रे घेऊन उभ्या असलेल्या दोन परिचारिका. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना ती जवळच्या पाँपेई नगरीतील एका घरात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ही नगरी गाडली गेली. अर्थात ही मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचलेली होती.

पुढे १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शांताराम भालचंद्र देव व रमेश शंकर गुप्ते यांनी भोकरदन येथे उत्खनन केले. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला आणि ते आपल्याकडे आले. या उत्खननात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली. पाँपेईच्या मूर्तीशी तिचे साम्य इतके आहे की, पाँपेईची मूर्तीही भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील खूण असल्याने तिचे मूळ वायव्य भारतात शोधणारेही अभ्यासक आहेत. हा वाद विद्वानांनी सोडवावा. आपल्यासाठी एवढे पुरेसे आहे की, दोन हजार वर्षांपूर्वी भोकरदनमध्ये ज्या घडणीची वस्तू होती, त्याच घडणीची वस्तू इटलीच्या किनाऱ्यावरील एका घरात होती.

सुटीत युरोपच्या सहलीला जाणारी जालन्यातील कुटुंबे रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पाहून परततात. कार्यक्रमात एक दिवस मोकळा असेल, तर तो नेपल्सच्या दक्षिणेकडील अमाल्फी किनाऱ्याला द्यावा. निसर्गशोभा तेथे आहेच. परंतु तो किनारा व्यापाऱ्यांनी घडवलेला आहे, आणि मोंढ्यात वाढलेल्या डोळ्यांना तेथे इतरांपेक्षा काही अधिक दिसू शकते.

मालाचा मार्ग

भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या नगराचे नाव येते. दान देण्याइतकी सधन माणसे येथे होती, हे त्यावरून कळते. पैठणहून उत्तरेस उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर ते वसलेले होते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर या बाजारपेठांचा उल्लेख असून तेथील माल गाड्यांनी भडोच बंदरात नेला जाई, असे म्हटले आहे. पैठण ते भडोच २० दिवसांची वाट होती. भडोचहून हस्तिदंत, अकीक, सुती कापड, पिंपळी असा माल बाहेर जाई. येताना तांबे, कथील, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी आणि विशेष मागणी असलेली इटलीची द्राक्षमदिरा येई. तांबड्या समुद्रातून इजिप्तमध्ये, तेथून अलेक्झांड्रिया आणि मग नेपल्सच्या आखातातील पुतेओली बंदर, असा हा मार्ग होता.

भारताशी होणाऱ्या या व्यापारात रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स खर्ची पडतात, अशी तक्रार रोमन लेखक थोरला प्लिनी याने नोंदवून ठेवली आहे. हाच प्लिनी व्हेसूव्हियसच्या उद्रेकाच्या वेळी नेपल्सच्या आखातात आरमाराचा प्रमुख होता आणि लोकांच्या मदतीस गेला असता स्ताबिए येथे मृत्यू पावला. आजच्या सहलीची गाडी पाँपेईहून किनाऱ्याकडे वळते ती याच स्ताबिएवरून. गावाचे आताचे नाव कास्तेल्लामारे दी स्ताबिया.

दिवसाची आखणी

रोमहून वेगवान आगगाडीने नेपल्स सव्वा तासाच्या आसपास गाठता येते. रोमहून सुटणाऱ्या एकदिवसीय सहलीही आहेत, परंतु त्यांचा बराच वेळ रस्त्यातच जातो. आदल्या दिवशी नेपल्सला मुक्काम केल्यास संग्रहालयही पाहून होते. ते मंगळवारी बंद असते. मूर्ती ज्या दालनात असते, तेथे पाँपेईच्या उत्खननात मिळालेली शृंगारिक चित्रे व शिल्पेही मांडलेली आहेत. मुले बरोबर असतील तर आई-वडिलांनी हे आधीच लक्षात घ्यावे. तसेच मूर्ती प्रदर्शनासाठी अन्यत्र गेलेली नाही ना, याची चौकशी करून ठेवावी.

सकाळी आठच्या सुमारास निघाल्यास पहिला मुक्काम पाँपेई. येथे परवानाधारक मार्गदर्शक अवश्य घ्यावा, कारण नुसत्या भिंती पाहून काही उमगत नाही. मार्गदर्शक दाखवतो तेव्हा त्या भिंतींतून भट्टीसह बेकरी, कपडे धुण्याचे कारखाने, रस्त्यालगत दगडी ओटे असलेली दुकाने उभी राहतात. एका घराच्या प्रवेशमार्गावर नफ्याचे स्वागत करणारी अक्षरे फरशीत जडवलेली आहेत. दाराशी 'शुभ-लाभ' लिहिणाऱ्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दोन-अडीच तासांनी गाडी सोरेंतोच्या डोंगराकडे वळते आणि डोंगर ओलांडताच समुद्र समोर येतो. येथून व्हिएत्रीपर्यंत जाणारा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता एकोणिसाव्या शतकात कडा कोरून काढलेला आहे. त्यापूर्वी या गावांना पोहोचायचे तर होडीने किंवा खेचरांच्या पायवाटेने. रस्ता इतका अरुंद आहे की मोठ्या बसगाड्यांवर निर्बंध आहेत; म्हणून लहान गाडीची सहल निवडावी. पोसितानोहून अमाल्फीकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, त्या बाजूची जागा मिळाल्यास उत्तम. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी पुढे बसावे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात गावागावांना जोडणाऱ्या बोटी चालतात. परतीचा एखादा टप्पा बोटीने केल्यास कड्याला बिलगलेली गावे पाण्यावरून पाहता येतात.

पोसितानो हे पहिले गाव. फिकट गुलाबी, पिवळी, पांढरी घरे एकावर एक रचल्यासारखी समुद्रापर्यंत उतरत जातात आणि तळाशी रंगीत कौलांनी मढवलेला चर्चचा घुमट दिसतो. गाडी वरच थांबते. खाली जायचे तर पायऱ्या. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी वरूनच दृश्य पाहणे बरे.

व्यापाऱ्यांनी वसवलेले गाव

अमाल्फी आज चिमुकले गाव आहे. नवव्या ते बाराव्या शतकात मात्र ते स्वतंत्र सागरी गणराज्य होते आणि त्याची जहाजे इजिप्त, सिरिया, कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जात. शेतीला जमीन नव्हती. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेल्या या लोकांनी व्यापारावरच संसार उभारला. ११३१ मध्ये नॉर्मन राजाने गणराज्य जिंकले, पुढे पिसाच्या आरमाराने ते लुटले आणि १३४३ च्या समुद्री प्रकोपात बंदरासह खालचे गाव वाहून गेले.

मग मागे काय उरले? मार्गदर्शक प्रथम ६२ पायऱ्यांवरचे भव्य कॅथेड्रल दाखवतो. व्यापारी कुटुंबाने आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, अमाल्फीची सागरी संहिता. जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकावा लागला तर ते नुकसान कोणी किती सोसावे, भागीदारांत नफा कसा वाटावा, याचे नियम तिच्यात आहेत. भूमध्य समुद्रावरील व्यापारात ती शतकानुशतके मानली गेली. दुसरी, कागद. चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करण्याची कला हे लोक अरबांकडून शिकले. गावामागच्या ओढ्यावर त्यांच्या गिरण्या होत्या आणि एका जुन्या गिरणीत आता कागदाचे संग्रहालय आहे. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा असाच जुना व्यवसाय आहे. तिसरी गोष्ट अमाल्फीत दिसत नाही, कारण ती जेरुसलेममध्ये उभी राहिली. अकराव्या शतकात अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी तेथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा व रुग्णालय बांधले. परमुलखात व्यापाराला गेलेला माणूस तेथे धर्मशाळा बांधतो, ही रीत आपल्या घराण्यांनाही ठाऊक आहे.

अमाल्फीच्या वर, सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर रावेल्लो आहे. तेथील व्हिला रूफोलो हा वाडाही तेराव्या शतकातील एका धनाढ्य व्यापारी घराण्याचा. त्याच्या बागेतून दिसणारा किनारा पाहूनच सहल संपवावी.

लिंबू आणि मोसंबी

या कड्यांवर दगड रचून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली आहेत. त्यांत चेस्टनटच्या लाकडी मांडवाखाली लांबट आकाराची मोठी लिंबे पिकतात. पूर्वी ती टोपल्यांतून खांद्यावर वाहून खाली आणण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत. बांध पडले तर डोंगरच घसरेल, म्हणून शेतकरी दरवर्षी ते डागडुजी करून राखतात. १९९७ मध्ये युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशात घेतला तो माणसाच्या अशा हातकामासाठीही. या लिंबाला युरोपात प्रदेशाच्या नावाचे संरक्षण आहे. जालन्याच्या मोसंबीलाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अमाल्फीत मात्र साबण, मिठाई, सरबत, चिनी मातीच्या ताटावरचे चित्र या सगळ्यांतून ते लिंबू विकले जाते. मोसंबी आडतीवर तोलून मोकळे होणाऱ्यांनी हे जरूर पाहून यावे.

आहाराचा विवेक

इटलीत शाकाहार सोपा वाटतो. जैन आहार मात्र विचारूनच घ्यावा लागतो. 'सेंझा आल्यो, सेंझा चिपोल्ला' म्हणजे लसूण नको, कांदा नको, हे दोन शब्दप्रयोग पाठ करावेत. पेस्तो चटणीत आणि मारिनारा पिझ्झात लसूण असतो. न्योक्की बटाट्याचे असतात. सॉसमध्ये 'आलीची' हे छोटे मासे असू शकतात. पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून केले जाते, हे बहुतेकांना माहीत नसते. इतर चीजबाबतही विचारावे. टोमॅटो, तुळशीच्या कुळातील बेसिल आणि ऑलिव्ह तेल घातलेला ताजा पास्ता सांगून करून घेता येतो. लिंबाचे बर्फाळ सरबत घ्यावे. 'लिमोन्चेल्लो' हे मद्य आहे.

चौविहार पाळणाऱ्यांना मे-जून अनुकूल. तेव्हा तेथे सूर्य रात्री आठनंतर मावळतो, तरीही उपाहारगृहे संध्याकाळी सातच्या सुमारासच उघडत असल्याने वेळ तंग असतो. दिवाळीनंतर जाणाऱ्यांना मात्र सूर्यास्त पाचच्या आतबाहेर गाठतो. म्हणून मुख्य भोजन दुपारी करावे आणि खाकरा, थेपले, भाजलेले पोहे जवळ ठेवावेत.

मूर्तीपुढे उभे असताना

संग्रहालयातील ती मूर्ती पाहून जालन्याच्या माणसाची मान अभिमानाने उंचावेल. त्याच वेळी आणखी एक विचार मनात यावा. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत दंतवाणिज्य आहे आणि रसवाणिज्यही आहे. म्हणजे भोकरदनहून गेलेला हस्तिदंत आणि बदल्यात भडोचला उतरलेली मदिरा, हे दोन्ही सौदे आपल्या आचारधर्मात बसत नाहीत. कारागिराचे कौशल्य अप्रतिम. परंतु त्या वेणीमागे आणि त्या कंकणांमागे एका हत्तीचा जीव आहे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय जगाने १९८९ मध्ये घेतला. श्रावकाचार सांगणाऱ्या आपल्या आगमांनी तो धंदा त्याच्या कित्येक शतके आधी नाकारला होता. त्याच मार्गाने सुती कापडही जात होते. नफा दोन्हींत होता. कशात हात घालायचा, ही निवड तेव्हाच्या व्यापाऱ्यापुढे होती आणि आजच्या पेढीवर बसणाऱ्यापुढेही आहे. मुलांना ही मूर्ती दाखवताना तिचे सौंदर्य आणि तिची किंमत, दोन्ही सांगावे.

इटलीला जाण्याआधी एखाद्या रविवारी कुटुंबासह भोकरदनला जाऊन यावे. केळना नदीच्या काठचे हे गाव जालन्याहून तासा-दीड तासावर आहे. तेथील खडकात कोरलेली लेणीही पाहता येतील. ज्यांना शक्य आहे, त्यांनी एक पाऊल पुढे टाकावे. भोगवर्धनाचा व्यापार, सांचीचे दानलेख, पाँपेईची मूर्ती यांची चित्रे व माहिती असलेले छोटेसे दालन एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात उभे करणे आपल्या समाजाला अवघड नाही. परदेशच्या एका सहलीच्या खर्चातील थोडासा अंश त्याला पुरेल.