नियम घेण्याआधी उपचार : व्यसनाची ओळख आणि पूर्वतयारी

श्रावकाच्या आचारधर्मात सप्तव्यसनांचा त्याग ही पहिली पायरी मानली आहे. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन ही सात नावे पाठशाळेतील लहान मुलेही घडाघडा म्हणून दाखवतात. त्यामुळे 'हे आपल्यात नसते' असा एक गाढ विश्वास आपल्या समाजात रुजला आहे. घरात व्यसन शिरते तेव्हा हाच विश्वास आड येतो. जे असूच शकत नाही ते डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसले तरी तोंडाने बोलले जात नाही.

द्वारकेची कथा आपल्याला ठाऊक आहे. मद्य आणि द्वैपायन यांच्यामुळे नगरीचा नाश होईल, असे भगवान नेमिनाथांनी सांगितले. तेव्हा नगरीतील सर्व मद्य कदंबवनात नेऊन टाकण्यात आले. पुढे तहानलेल्या यादवकुमारांनी तेच मद्य प्राशन केले, उन्मत्त होऊन द्वैपायनांना छळले आणि त्यांच्या क्रोधाग्नीत द्वारका भस्मसात झाली. मद्य नगराबाहेर गेले, तरी नगर वाचले नाही. घरातील बाटल्या फोडून प्रश्न सुटला असे समजणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या कथेचा पुन्हा विचार करावा.

बोट कुणाकडे?

जव्हार-मोखाडा भागात दारूचा विषय निघाला की आपले बोट चटकन पाड्यांकडे वळते. मोहाची दारू, ताडी, मजुरीचे पैसे गुत्त्यावर उडवणारा गडी, एवढेच चित्र आपण रंगवतो. परंतु साखरशेतसारख्या गावात किराणा दुकान चालवणाऱ्या, मालासाठी शहरात ये-जा करणाऱ्या घरातील तरुणालाही बाटली तितकीच सहज मिळते. शेजारच्या दादरा-नगर हवेलीत मद्य स्वस्त मिळते, हेही सर्वांना ठाऊक आहे. पाड्यावरचा माणूस उघड्यावर पितो म्हणून दिसतो. आपला मुलगा दुकानाचे शटर ओढून घेतल्यावर पितो म्हणून दिसत नाही, इतकाच फरक.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. हातभट्टीला लागणारा काळा गूळ आणि नवसागर दुकानांतूनच जातो. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य, म्हणजे मद्यादी पदार्थांचा व्यापार, सांगितला आहे. हा माल कशासाठी जातो हे जाणून विकणाऱ्याने स्वतःला त्या दोषातून वगळू नये.

व्यसन आधी वहीत दिसते

जागतिक आरोग्य संघटनेने व्यसनाधीनतेला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. तिची सहा लक्षणे सांगितली जातात : अनावर ओढ लागणे, किती घ्यायची यावर ताबा न राहणे, बंद केल्यास शरीराला त्रास होणे, तोच परिणाम मिळवण्यासाठी प्रमाण वाढत जाणे, इतर सर्व गोष्टींतील रस आटणे, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही सेवन चालू राहणे. वर्षभरात यांपैकी तीन लक्षणे एकत्र दिसली, तर त्या माणसाला उपदेशाची नव्हे, वैद्यकीय उपचारांची गरज आहे.

बँकेतील नोकरीमुळे मला आणखी एक खूण ठाऊक झाली. व्यापारी घरात व्यसन माणसाच्या चेहऱ्यावर उमटण्याआधी वहीखात्यात उमटते. रोजमेळ आणि गल्ला यांत वारंवार फरक पडतो. वसूल झालेली उधारी खतावणीत जमा होत नाही. कॅश क्रेडिट खाते कायम मर्यादेला टेकलेले असते, मालसाठ्याचे विवरणपत्र उशिरा येते आणि त्यातील आकडे गोदामाशी जुळत नाहीत. वर्षानुवर्षे वेळेवर वटणारे धनादेश परत येऊ लागतात. घाऊक व्यापारी रोखीशिवाय माल देत नाही. मोबाइलवरून रात्री उशिरा छोट्या-छोट्या रकमा जाऊ लागतात. सोने गहाण पडते आणि त्याचे कारण कुणालाच नीट सांगता येत नाही. यांतील एखादी गोष्ट मंदीमुळेही घडू शकते. जुगार वा सट्टा हेही कारण असू शकते. पण चार-पाच खुणा एकत्र दिसल्या आणि जोडीला सकाळी हात थरथरणे, तोंडात सतत वेलची-मुखवास, झोपेची उलथापालथ, अकारण चिडचिड, नव्या मित्रांबद्दल गुप्तता असे बदल असतील, तर हिशेब मागण्याआधी माणसाची प्रकृती पाहावी.

अब्रूची किंमत

हे सारे दिसूनही कुटुंब गप्प बसते. बहिणीची सोयरीक व्हायची असते, बाजारात पत सांभाळायची असते. वडील कर्ज फेडतात, पत्नी 'ताप आला आहे' असे सांगून वेळ मारून नेते, भाऊ दुकान ओढतो. प्रत्येकाचा हेतू प्रेमाचाच असतो, पण व्यसनाची खरी किंमत त्या माणसापर्यंत पोहोचतच नाही. केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या घरी बहुधा हीच झाकपाक चालू असते.

दोन धोके

पहिला धोका आपल्या श्रद्धेतूनच येतो. चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर मुलाला उभे करून 'आजपासून बंद' असा नियम देववावा, ही घरच्यांची स्वाभाविक इच्छा असते. परंतु अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तीव्र थरकाप, भास, भ्रम आणि ताप अशी अवस्था उद्भवू शकते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. त्यातच उपवास केला तर आधीच कुपोषित असलेल्या शरीरावर अधिक ताण पडतो. म्हणून क्रम असा असावा : प्रथम डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीर विषमुक्त करणे, नंतर समुपदेशन आणि त्यानंतर नियम. शुद्धीवर आलेल्या मनाने घेतलेला नियमच टिकतो.

दुसरा धोका म्हणजे 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींतील पावडरी. जेवणात गुपचूप मिसळल्या जाणाऱ्या काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम घसरतो आणि हृदयावर परिणाम होतो. असे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

मुक्तांगणाचा धडा

महाराष्ट्रात या विषयाला दिशा दिली ती पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी डॉ. अनिल अवचट यांनी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांच्या साहाय्यातून १९८६ साली हे केंद्र उभे राहिले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते घडवले. आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ही धुरा सांभाळतात. पाच आठवड्यांच्या तेथील उपचारांत औषधांपेक्षा दिनचर्या, समूहातील मोकळे बोलणे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांची सोबत यांना अधिक महत्त्व आहे. पत्नींसाठी वेगळा गट चालतो, कारण घरही आजारी झालेले असते. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने या कामाला योगसाधनेची जोड दिली.

जाण्यापूर्वीची तयारी

*बोलणे :* माणूस शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळी, ज्याच्याविषयी त्याला आदर आहे अशा एकाच वडीलधाऱ्याने बोलावे. दहा नातेवाइकांचा दरबार भरवू नये. दोषारोप टाळून घडलेले प्रसंग तारखांसह सांगावेत. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि टेलिमानस १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो.

*केंद्राची निवड :* केंद्र नोंदणीकृत आहे का, मनोविकारतज्ज्ञ नियमित येतात का, कुटुंबाला भेटू देतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. मारहाण करणारी, साखळीने बांधणारी जागा म्हणजे उपचारकेंद्र नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला अशा वागणुकीपासून संरक्षण देतो. अमली पदार्थांचे सेवन करणारा स्वेच्छेने उपचारांसाठी पुढे आला, तर १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार त्याला अटींच्या अधीन राहून खटल्यापासून सूट मिळू शकते. म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत.

*दुकान :* पाच-सहा आठवडे दुकान कोण पाहणार हे आधी ठरवावे. 'माझ्याशिवाय धंदा बुडेल' ही सबब मग उरत नाही. बँकेत संयुक्त सहीची व्यवस्था करावी, सही केलेले कोरे धनादेश परत घ्यावेत, मोबाइल देयकांची मर्यादा कमी करावी. देणेकऱ्यांची यादी त्याच्यासोबत बसून करावी. ती बहुधा अपेक्षेपेक्षा लांब निघते, पण लिहून काढल्यावर त्याच्या मनावरचे ओझे हलके होते.

*पैसे :* आरोग्यविमा यासाठी उपयोगी पडेल असे गृहीत धरू नये. व्यसनावरील उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, म्हणून खर्चाची वेगळी तरतूद करावी.

*सामान :* चालू औषधे, जुने वैद्यकीय कागद, ओळखपत्र आणि साधे कपडे पुरेत. शाकाहार, कंदमूळत्याग आणि रात्रिभोजनत्याग यांविषयी केंद्राशी आधी बोलून घ्यावे. तेथील जेवणाच्या वेळा जुळल्या नाहीत, तर त्या कारणावरून उपचार मोडू नयेत.

परत आल्यावर

उपचारांनंतरचे पहिले वर्ष कसोटीचे असते. पाठपुराव्याच्या सभा चुकवू नयेत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना कोणतेही शुल्क नसते. पाय पुन्हा घसरलाच, तर 'गेले सगळे पैसे पाण्यात' असे म्हणून दार बंद करू नये. मधुमेह पुन्हा वाढला म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही. गल्ल्याची चावीही पहिल्याच दिवशी देऊ नये आणि कायमची काढूनही घेऊ नये. आधी मालाची नोंद, मग विक्री, मग वसुली अशी एकेक जबाबदारी परत सोपवावी.

प्रतिक्रमणात आपण आपले दोष उच्चारतो, ते झाकत नाही. आपल्या गावात असे एखादे घर असेल, तर तेथे चर्चा करायला जाऊ नये. 'महिनाभर तुमचे दुकान आम्ही पाहतो, तुम्ही मुलाला घेऊन जा,' असे सांगायला जावे. साधर्मिक वात्सल्याचा याहून उपयोगी प्रकार मला तरी ठाऊक नाही.