माल कोठून आला, हे विचारणारा कायदा

निम्म्या भावात सोने देऊ करणाऱ्या अनोळखी माणसाला कोणताही विचारी सराफ आधी पावती मागतो. पावती नसेल, तर ओळख मागतो. आणि तरीही समाधान झाले नाही, तर हातात आलेला माल परत करतो. यात नुकसान झाले, असे तो मानीत नाही. हीच व्यवहारनीती मोबाइल फोन आणि संगणक बनविणाऱ्या बलाढ्य कंपन्यांनीही पाळावी, यासाठी अमेरिकेत २०१० साली एक कायदा झाला. आज तो कायदा पुस्तकात आहे, परंतु त्याची धार बोथट झाली आहे. तो मोडीत काढावा की बळकट करावा, हा निर्णय लोकप्रतिनिधींच्या हाती असून त्यांच्यावर मतदारांचा दबाव असणे अगत्याचे आहे.

खिशातील चार धातू

प्रत्येक मोबाइल फोनमध्ये चार धातू हमखास सापडतात. कथील सर्किटचे सांधे जोडणाऱ्या डाखात असते. टँटलममुळे अत्यंत लहान कपॅसिटर विजेचा भार साठवू शकतो. टंगस्टनच्या वजनामुळे फोन थरथरतो, तर जोडण्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. हे धातू जगात अनेक ठिकाणी मिळतात. परंतु मध्य आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात, विशेषतः उत्तर किवू व दक्षिण किवू या प्रांतांत, त्यांच्या खनिजांचे विपुल साठे आहेत.

तेथे यंत्रे थोडी आणि माणसे फार. फावडे-कुदळीने खणलेले खनिज पोत्यांत भरून पाठीवरून डोंगर उतरविले जाते. वाटेत सशस्त्र टोळ्यांच्या चौक्या लागतात. खाणीवर वसुली, रस्त्यावर वसुली, पोत्यामागे वसुली. या पैशातून बंदुका येतात आणि बंदुकांच्या बळावर पुन्हा वसुली होते. १९९६ पासून चाललेल्या युद्धांत आणि त्यांपाठोपाठ आलेल्या उपासमारीत व रोगराईत तेथील लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. स्त्रियांवरील अत्याचार हे तर या युद्धाचे एक हत्यारच बनले. बुकावू शहरातील पांझी रुग्णालयात अशा हजारो स्त्रियांवर उपचार करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. डेनिस मुकवेगे यांना २०१८ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी स्मार्टफोन वापरणाऱ्या जगाला, त्या वस्तूंमागे मोजल्या जाणाऱ्या मानवी किमतीचा विचार करण्याचे आवाहन केले.

हे सर्व भूतकाळात जमा झालेले नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘एम-२३’ या बंडखोर संघटनेने उत्तर किवूमधील रुबाया हा खाणपट्टा काबीज केला. जगातील टँटलमच्या पुरवठ्यात एकट्या रुबायाचा वाटा सुमारे १५ टक्के मानला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाच्या अहवालानुसार तेथील खनिजांवरील वसुलीतून या संघटनेला दरमहा सुमारे ८ लाख डॉलर मिळू लागले. २०२५ च्या जानेवारीत गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ही दोन्ही मोठी शहरेही तिच्या ताब्यात गेली.

कायदा कसा झाला

२००९ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सॅम ब्राउनबॅक, रस फाइनगोल्ड आणि डिक डर्बिन यांनी, तर प्रतिनिधिगृहात जिम मॅकडरमॉट यांनी या विषयावर विधेयके मांडली. ब्राउनबॅक रिपब्लिकन, इतर तिघे डेमोक्रॅट. या प्रश्नावर मात्र त्यांचे एकमत होते. मानवाधिकार संघटना, चर्च आणि विद्यार्थी गट यांनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे पाठिंब्याचा आग्रह धरला. अखेर २००८ च्या आर्थिक संकटानंतर वित्तव्यवस्थेच्या सुधारणेसाठी जो ‘डॉड-फ्रँक’ कायदा झाला, त्यातच या विषयाचे कलम १५०२ समाविष्ट करण्यात आले. २१ जुलै २०१० रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

या कलमाने खरेदीवर बंदी घातली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. आपल्या वस्तूंना आवश्यक असलेले हे चार धातू काँगो किंवा त्याच्या नऊ शेजारी देशांतून आले काय, याची शेअर बाजाराशी संबंधित कंपन्यांनी चौकशी करावी आणि दरवर्षी ती ‘एसईसी’ या नियामक संस्थेकडे जाहीर करावी, एवढेच त्यात आहे. खाणी असंख्य आणि वस्तू बनविणारे कारखानेही असंख्य. परंतु मधल्या टप्प्यावर खनिज वितळवून धातू काढणारे कारखाने त्यामानाने मोजकेच असतात. तपासणी तेथे केली, तर पुढची साखळी बरीचशी उलगडते. २०१४ साली पहिले अहवाल आले, तेव्हा सुमारे तेराशे कंपन्यांनी ते सादर केले.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या कायद्याचे दोष झाकून त्याची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सप्टेंबर २०१० मध्ये काँगोचे अध्यक्ष जोसेफ कबिला यांनी पूर्व भागातील खाणकामच काही महिने बंद केले. अनेक परदेशी खरेदीदारांनीही कटकट नको म्हणून काँगोकडे पाठ फिरविली. त्याची झळ टोळ्यांपेक्षा हातावर पोट असलेल्या खाणमजुरांना अधिक बसली. पोत्यांना लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्यांचा काळा बाजार झाला. सोने तर खिशातून सीमेपार जाते. त्याचा माग काढणे सर्वांत कठीण. कंपन्यांना प्रारंभी तीन ते चार अब्ज डॉलर खर्च येईल, असा अंदाज खुद्द ‘एसईसी’नेच वर्तविला होता. २०१४ मध्ये न्यायालयाने नियमाचा एक भाग रद्द केला. २०१७ मध्ये ‘एसईसी’ने अंमलबजावणी सैल केली आणि त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाने कलम रद्द करणारे विधेयक संमत केले, ते सिनेटमध्ये संमत झाले नाही, म्हणून कलम वाचले. या नियमामुळे पूर्व काँगोतील हिंसाचार कमी झालेला नाही, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२४ मध्ये नोंदविले.

मग कायदा निरुपयोगी ठरतो काय? बँकेत खाते उघडताना ओळखीची कागदपत्रे घेतली जातात. तरीही बनावट खाती निघतात आणि काळा पैसा फिरतो. म्हणून ती तपासणीच बंद करावी, असे कोणी म्हणत नाही. ती अधिक कडक करावी, असेच म्हटले जाते. केवळ विचारणा केल्याने युद्ध थांबणार नाही, हे खरे. परंतु विचारणाच थांबली, तर लुटीचा माल आणि कष्टाचा माल एकाच भावात, एकाच पोत्यातून विकला जाईल आणि प्रामाणिक राहणाऱ्या खाणमालकाला त्याचा काहीही लाभ उरणार नाही.

हिऱ्यांच्या बाजाराचा अनुभव

मुंबई आणि सुरतच्या व्यापाऱ्यांना असा प्रसंग नवा नाही. अंगोला व सिएरा लिओन येथील बंडखोर कच्च्या हिऱ्यांच्या पैशावर युद्ध चालवीत होते, तेव्हा २००० साली दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे चर्चा सुरू झाली आणि २००३ पासून प्रमाणपत्राची पद्धत अमलात आली. भारत तीत सहभागी आहे. सरकारी प्रमाणपत्र आणि मोहोरबंद पेटी यांवाचून कच्च्या हिऱ्यांची आयात-निर्यात होऊ शकत नाही. त्या पद्धतीतही उणिवा आहेत. पण एक कागद वाढल्याने हिऱ्यांचा व्यापार बुडाला नाही. उलट, ग्राहकाला निःशंकपणे उत्तर देण्याची सोय झाली.

लोकप्रतिनिधींकडे काय मागावे

अमेरिकेच्या संसदेने कलम १५०२ कायम ठेवावे आणि ‘एसईसी’ला पूर्ण अंमलबजावणी करण्यास भाग पाडावे. युरोपीय संघाचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे; तथापि तो खनिज व धातू आयात करणाऱ्यांपुरताच आहे. तयार फोन आणि संगणक त्यातून सुटतात; ही पळवाट बुजवावी. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यात या चार धातूंच्या उगमाचा स्पष्ट प्रश्न यावा. देशात फोननिर्मिती झपाट्याने वाढत असताना ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. आणि या सर्व कायद्यांत एक पथ्य असावे: काँगोवर बहिष्कार नको. स्वच्छ खाणीतून माल घेणाऱ्याला उत्तेजन मिळाले, तरच मजुराची चूल पेटती राहील.

समाजातील अनेक कुटुंबे आज न्यू जर्सीत, अँटवर्पमध्ये आणि लंडनमध्ये स्थायिक आहेत. ज्यांना तेथे मताधिकार आहे, त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहावे. येथील कुटुंबांनी आपल्या खासदारांना लिहावे. पत्र लांबलचक असण्याची आवश्यकता नाही. दुकानात अनोळखी मालाविषयी जो प्रश्न रोज विचारला जातो, तोच त्यात असावा: हा माल कोठून आला आणि त्याचे पैसे कोणाच्या हाती गेले?