चित्र सरकतंय? सरकू द्या!

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं चित्र मधूनच पळू लागायचं. काळी पट्टी पडद्यावर सरकत राहायची आणि घरातलं कुणीतरी उठून ‘व्हर्टिकल होल्ड’चा कान पिळायचं. न्यूयॉर्कच्या जोन जोनस यांनी १९७२ मध्ये हाच बिघाड मुद्दाम घडवून आणला आणि त्यातून सुमारे २० मिनिटांची व्हिडिओ-कलाकृती केली. तिचं नाव ‘व्हर्टिकल रोल’.

सिग्नलची आणि सेटची लय जुळली नाही की चित्र असं घसरतं. जोनस यांनी आपल्या हालचाली अशा घसरत्या मॉनिटरवर दाखवल्या आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने तो मॉनिटरच टिपला. पट्टी आली की त्या उडी मारतात. पाहणाऱ्याला वाटतं, त्या पट्टीवरूनच उडी मारली! सोबत चमचा आपटल्याचा ठणठणाट चालूच असतो. डोकं उठतं, हे कबूल करायला हवं. शेवटी मॉनिटर आणि कॅमेरा यांच्यामध्ये जोनस यांचा चेहरा येतो. मागचं चित्र पळतंच आहे, चेहरा मात्र स्थिर. आपण इतका वेळ काय पाहत होतो, हे तेव्हा कुठे उलगडतं.

जादूगार हातचलाखी लपवतो. जोनस ती उघड्यावर मांडतात आणि तरीही आपला डोळा फसतो. खरी मजा इथेच आहे.

१९३६ साली जन्मलेल्या जोनस मुळात शिल्पकलेच्या विद्यार्थिनी. १९७० मध्ये जपानला गेल्या तेव्हा नोह नाटकांनी त्यांना भारावून टाकलं आणि परतताना सोनीचा पोर्टापॅक हा सहज वाहून नेता येणारा व्हिडिओ कॅमेरा त्यांच्यासोबत आला. पण त्याआधी हाताशी होता साधा आरसा. ‘मिरर पीस’मध्ये कलाकार माणसाएवढे आरसे घेऊन संथपणे फिरत. समोरच्या प्रेक्षकाला त्यात कुणाचा पाय, कुणाचा खांदा आणि मध्येच स्वतःचाच चेहरा दिसे. ‘मिरर चेक’ त्याहून धीट: विवस्त्र उभ्या राहून जोनस हातातल्या छोट्या आरशात स्वतःचं शरीर इंच इंच न्याहाळत. प्रेक्षकांना त्या दिसत, पण आरशात जोनस यांना काय दिसतंय ते मात्र दिसत नसे.

कानांनाही त्यांनी सोडलं नाही. ‘डिले डिले’ या १९७२ च्या प्रयोगात प्रेक्षक मॅनहॅटनमधल्या एका गच्चीवर होते आणि कलाकार दूर खाली मोकळ्या जागेत लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटत होते. ठोकळे आदळलेले आधी दिसत, आवाज मागाहून येई. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो हे शाळेत सगळेच घोकतात. इथे ते अंतर कानांना कळत होतं.

कॅमेरे बदलले, आरसे राहिले. २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेचं दालन जोनस यांच्याकडे होतं. तिथेही व्हिडिओंच्या सोबतीला आरसे होतेच. पुढे २०१८ मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा आढावा घेणारं प्रदर्शन भरवलं. तेव्हा त्यांचं वय होतं ८७.