पाण्यातली मिठी

भिलवडीच्या खाली कृष्णेच्या काठानं चालत गेलं की थोड्याथोड्या अंतरावर एकेक पाइप नदीत उतरलेला दिसतो. त्याच्या पाण्यातल्या टोकाला असतो तो फूटव्हॉल्व्ह, पण आमच्या भागात त्याला कोणी तसं म्हणत नाही, सरळ 'फुटबॉल' म्हणतात. या फुटबॉलात शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी, कधी वाहून आलेला पाचट अडकला की मोटार नुसती घरघरते, पाणी ओढत नाही. मग मालक छातीभर पाण्यात उतरतो, खाली वाकतो आणि दोन्ही हातांनी चाचपडत कचरा काढतो. वीज रात्रीची असेल तर हे काम रात्रीच. मगरीच्या बाजूनं बघा: सावज काठालगत, वाकलेलं, लक्ष भलतीकडं आणि रोज त्याच जागी येणारं. तिला आणखी काय हवं?

मी पाटणचा. कोयना आणि केरा या दोन नद्या आमच्या गावात भेटतात. कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून उन्हाळ्यात २,१०० क्युसेकपर्यंत पाणी नदीत सोडतात. ते पाटणवरून कऱ्हाडला जातं, प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर धडकतं आणि टेंभू, ताकारी या योजनांचे पंप भागवत सांगलीकडं आणि पुढं म्हैसाळच्या पंपांकडं सरकतं. म्हणजे भिलवडीच्या डोहात मे महिन्यात मगर ज्या पाण्यात पडून असते, त्यातलं बरंचसं आमच्या दारावरून गेलेलं असतं. सांगलीचे पाहुणे यावरून आम्हाला टोमणे मारतात, आम्ही ते ऐकून घेतो. पाण्यात जीव कसा वाचवावा याचे दोन धडे मला याच पाण्यानं दिले. वरच्या अंगाला, पाटणला, माणसाच्या मिठीचा. खालच्या अंगाला मगरीच्या.

आधी मगरीचं. काठावरची माणसं तिला सुसरही म्हणतात. काटेकोर बोलायचं तर सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची, मासे खाणारी. कृष्णेतली ती मगर, रुंद तोंडाची. नर तीन-साडेतीन मीटर सहज भरतो. तिच्या जबड्याच्या कडांवर बारीक काळे ठिपके असतात. ती शोभा नव्हे, पाण्यातली हालचाल टिपणारी ज्ञानेंद्रियं आहेत. अंधारात धुणं आपटलं, हंडा बुडवला, पाय हलवला, तरी लाटेवरून तिला दिशा कळते. घशाच्या तोंडाशी मांसल झडप असते, त्यामुळं पाण्याखाली जबडा उघडला तरी पाणी पोटात जात नाही. दात शंकूसारखे, धरण्यासाठी केलेले. चावून बारीक करायची सोय तिच्याकडं नाही. म्हणून ती सावज धरून ठेवते आणि तुकडा तोडायचा तर स्वतःच गिरकी घेते. 'मगरमिठी' हा शब्द आपण राजकारणातल्या युतीपासून सावकाराच्या कर्जापर्यंत कुठंही वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ इतका शब्दशः आहे.

जबडा मिटणारे स्नायू प्रचंड, उघडणारे मात्र अगदी कमजोर. मगर पकडणारी माणसं तिचं तोंड चिकटपट्टीनं बांधतात आणि तेवढं पुरतं. पण हे ज्ञान तिच्या तोंडात पाय असलेल्याच्या कामाचं नाही. मिटलेला जबडा हातानं फाकवायला जाणं म्हणजे ट्रॅक्टरचं चाक बोटानं अडवण्यासारखं.

मग काय करायचं? गजेंद्रमोक्षातला हत्ती आठवा. पाय धरला गेला आणि तो काठाकडं ओढत राहिला, वर्षानुवर्षं. अखेर विष्णूला धावून यावं लागलं. हत्तीचं चुकलं ते इथंच. ओढलं की दात मांसात आणखी रुततात आणि मगर खोल पाण्याकडं वळते. सुटलेल्या माणसांच्या हकिकतींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: डोळा. मगरीचं बाकी अंग चिलखत आहे, डोळा नाही. बोट, काठी, खुरपं, जे हाती असेल ते डोळ्यात खुपसायचं. नाकपुड्यांवर मारायचं. हात तोंडातच गेला असेल तर तो तसाच आत सारून घशातली झडप ढकलायची, पाणी आत शिरू लागलं की ती सोडू शकते. आणि ती गिरकी घ्यायला लागली तर विरोध न करता तिच्याबरोबर फिरायचं, नाहीतर हाड निघतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हॅल प्लमवुड या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाई १९८५ च्या फेब्रुवारीत काकाडूच्या राखीव जंगलात एकट्याच छोट्या होडीतून निघाल्या होत्या. खाऱ्या पाण्यातल्या मगरीनं त्यांना तीनदा धरून पाण्याखाली गिरक्या दिल्या. त्या वाचल्या, रक्तबंबाळ अवस्थेत सरपटत बऱ्याच लांब गेल्या आणि पुढं आयुष्यभर यावर विचार करत राहिल्या की माणूसही कुणाचंतरी खाद्य असतो, हे माणूस किती सोयीनं विसरतो. ती जात आपल्या मगरीहून कितीतरी मोठी. कृष्णेतल्या मगरीच्या तावडीतून सुटण्याची शक्यता त्या मानानं बरी, एवढाच दिलासा.

आता शार्कबद्दल विचारणारे भेटतातच. सिनेमे पाहिलेले असतात. कोकणात तिला मुशी म्हणतात आणि बाजारात ती माणसाला नव्हे, माणूस तिला खातो. पण २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात एका तरुणाच्या पायाला मुशीनं गंभीर जखम केली. बुल शार्क ही जात खाडीतून गोड्या पाण्यात शिरू शकते, म्हणून हे समुद्रापासून आत घडलं. शार्कची रीत मगरीपेक्षा वेगळी. ती बहुधा चावून सोडते आणि माणूस रक्तस्रावानं जातो. तिच्या कल्ल्यांवर आणि डोळ्यांवर मारायचं, तिच्याकडं पाठ करायची नाही आणि बाहेर आल्याबरोबर जखमेच्या वरच्या बाजूला पट्टा आवळायचा. दक्षिण आफ्रिकेत जेफ्रीज बेला २०१५ च्या जुलैत मिक फॅनिंग या लाटांवरच्या खेळाडूनं स्पर्धेच्या थेट प्रक्षेपणात शार्कशी झटापट केली, ठोसे मारले आणि तो ओरखडाही न येता सुटला. ते पाहून ठोशांवर फार भिस्त ठेवू नका. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं, तिथं ठोसा कणकेत मारल्यासारखा लागतो. बोटानं खुपसणं चालतं, हात फिरवून मारणं चालत नाही.

पाण्याखाली माणसावर चालून येणारा माणूस? कमांडो सोडले तर तुमच्याआमच्या वाट्याला चाकू घेतलेला शत्रू येत नाही. येतो तो बुडणारा. आणि तो शत्रूपेक्षा वाईट, कारण त्याच्यावर हात उगारवत नाही.

अकरा वर्षांचा असताना मी आमच्या मळ्यातल्या विहिरीत पट्टीचा पोहणारा समजला जायचो. पाठीला बांधलेलं पांगाऱ्याचं लाकूड सुटून दोन उन्हाळे झाले होते. मावसभाऊ मात्र अजून भोपळा बांधून शिकत होता. एका दुपारी दोरी सुटली, भोपळा एकीकडं, तो एकीकडं. मी शूरपणे समोरून गेलो. त्यानं माझी मान धरली ती अशी की दोघंही खाली. मी त्याला ढकलत होतो, तो चढत होता. धावेवर बसलेले तात्या ओरडले, "अरे खाली जा! वर नको, खाली जा!" मला तो वेडेपणा वाटला, पण श्वास संपलाच होता. अंग सोडून दिलं, बुडालो, आणि मिठी आपोआप सुटली. तो वरच्या वर हात मारत राहिला. तोवर तात्यांनी उडी टाकून त्याला मागून केसाला धरलं होतं. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "बुडणारा शिडी शोधतोय रं. शिडी खाली गेली की सोडतोय."

पुढं वाचनात आलं की न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रान्सेस्को पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हेच नोंदवलं होतं. खरा बुडणारा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होतं, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबतात, शरीर उभं, पाय निकामी. हे सारं २० ते ६० सेकंद चालतं. त्या अवस्थेत हाताशी आलेली प्रत्येक वस्तू तो खाली दाबतो, मग ती तुमची मान का असेना. सुटायची रीत शिकवतात ती तात्यांचीच, थोडी नेटकी करून: एक श्वास छातीत, हनुवटी छातीला आणि मान एका बाजूला, म्हणजे गळा दबत नाही, मग बुडी, मग त्याची कोपरं खालून वर ढकलायची आणि बाजूला निसटायचं. तारकर्लीला स्कूबा शिकवतातही हेच थोड्या फरकानं. घाबरलेला सोबती तुमच्या तोंडातलं श्वासाचं नळकांडं हिसकतो, म्हणून प्रत्येकाकडं दुसरं, पिवळं, राखीव असतं. ते त्याच्या तोंडाशी द्यायचं आणि आपलं घट्ट धरायचं.

पण जिवाला खरा जीव देणारे जवळ जातच नाहीत. काठी, दोर, धोतर, पोहरा, मोटारीची ट्यूब, काहीतरी पुढं करतात. आमच्या भागात पुरात गुऱ्हाळाची काहील होडी होते. अनुभवी माणूस तिच्यातून बुडणाऱ्याच्या हाती आधी दोर देतो, कड नव्हे, कारण एकानं कड धरून लोंबकळलं की काहील कलंडते. ८ ऑगस्ट २०१९ ला कृष्णा-येरळेच्या संगमावर ब्रह्मनाळला पुरातून माणसं घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जण गेले. त्या पाण्यात कोण कुणाला धरून बुडालं, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. त्याच पुरात बेळगाव जिल्ह्यात रायबागकडं एका घराच्या छपरावर मगर बसलेली साऱ्यांनी मोबाइलवर पाहिली. तीही आसऱ्यालाच आली होती.

मगरीचा काळ आणि आपला काळ एकच पडतो, ही खरी अडचण. फेब्रुवारी ते एप्रिल ती काठाच्या मातीत अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. मादी घरटं राखते आणि त्याच दिवसांत पाणी उतरलेलं, पोरांना सुट्टी, पिकाला पाळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला पहिल्या परिशिष्टात ठेवलं आहे, तेव्हा कुऱ्हाड घेऊन निघण्यात अर्थ नाही. दिसली तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकाला कळवावं. श्रीलंकेत नदीत खुंटांचं कुंपण रोवून आंघोळीची जागा राखतात, ओडिशात भितरकनिकाच्या गावांतले घाट जाळीनं बंद केले आहेत. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला येणारा माणूस पायरीवर उभा राहून डोक्यावर पाणी घेतो, त्याला असं कुंपण असतं तर बरं झालं असतं, असं मला दरवेळी वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात काठावर एक शेतकरी भेटला. त्यानं फुटबॉल निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाला टांगला होता आणि पिंपाला नायलॉनचा दोर बांधून तो काठावरच्या बाभळीला गुंडाळला होता. मोटार घरघरायला लागली तसा त्यानं दोर ओढला. पिंप डुलत काठाला आलं, फुटबॉल वर, त्यानं बसल्याबसल्या शेवाळ खरवडलं आणि पायानं पिंप परत ढकललं. चप्पलसुद्धा भिजली नव्हती. डोहाच्या पलीकडच्या अंगाला दोन डोळे पाण्यावर आले, थोडे थांबले आणि खाली गेले.

"रोज यायची ती," तो दोर गुंडाळत म्हणाला. "आताशा कमी येते."