पाळीव कुत्र्याचा त्वचारोग आणि घरातील माणसे

तंजावूरच्या राजवाडा परिसरात येणारा मराठी अभ्यासक सहसा सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांपाशीच थांबतो. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यानंतर दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी आपले लक्ष विद्येकडे वळविले. त्यांच्या 'धन्वंतरी महाला'त माणसांबरोबरच जनावरांच्या औषधोपचारांचाही विचार होत असे. या एकत्रित दृष्टीला आज 'एक आरोग्य' असे म्हणतात. परीक्षार्थी ही संज्ञा पाठ करतात. तिचा अर्थ मात्र एका घरगुती प्रश्नातून अधिक चांगला उलगडतो. कुत्र्याच्या अंगावर जीवाणूंमुळे पुळ्या उठल्या, तर तो रोग घरातील माणसांना होतो काय?

सर्वसाधारणपणे होत नाही. या रोगास पायोडर्मा म्हणतात. त्याचा प्रमुख कारक 'स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस' हा जीवाणू निरोगी कुत्र्याच्या त्वचेवर व नाकातही वसतीस असतो. २००५ मध्ये त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद झाली. पिसवा, अ‍ॅलर्जी किंवा संप्रेरकांचा बिघाड यांमुळे त्वचेचे संरक्षण ढासळले की तो उचल खातो. म्हणजे रोगाचे मूळ बहुधा त्या कुत्र्याच्या शरीरातच असते. जीवाणू मात्र माणसाच्या हातावर वा नाकात येऊ शकतो. तेथे तो बहुधा फार काळ टिकत नाही. उघडी जखम असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींनी सावध राहावे. प्रवास उलट दिशेनेही होतो. माणसाच्या नाकातील 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' कुत्र्याकडे जातो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो!

गजकर्ण आणि खरूज यांची गोष्ट वेगळी आहे. पहिला रोग बुरशीचा, दुसरा सूक्ष्म किडीचा. हे दोन्ही कुत्र्याकडून माणसास होऊ शकतात. दिसण्यात साम्य असल्याने निदान पशुवैद्यकानेच करावे.

अर्थशास्त्राचा संबंध येतो तो येथे. पुळ्या सुकल्या की गोळ्या थांबविणे, किंवा मागच्या वेळची उरलेली प्रतिजैविके पुन्हा देणे, यात मालकाची बचत होते. मात्र औषधांच्या अशा अविचारी वापरामुळे तग धरून राहणाऱ्या प्रतिकारक्षम जीवाणूंची किंमत दुसरेच कोणी मोजते. अर्थशास्त्रात यास 'ऋण बाह्यता' म्हणतात. कारखान्याचा धूर हे तिचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. मेथिसिलिनला न जुमानणारे स्यूडइंटरमीडियस आज अनेक देशांत आढळतात, आणि प्रतिकाराची जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. रोग घरात पसरला नाही तरी प्रतिकार पसरू शकतो, ही बाब मला अधिक चिंतेची वाटते.

शासनाने २०१७ मध्ये प्रतिजैविक-प्रतिकारविषयक राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. नागपूर येथे 'एक आरोग्य' विषयक राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. तथापि घरातल्या कुत्र्याच्या गोळ्यांवर कोणता निरीक्षक लक्ष ठेवणार? तेथे उपाय साधेच आहेत. कुत्र्यास हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, जखम चाटू देऊ नये. पुळ्या मर्यादित असतील तर पशुवैद्यक अनेकदा क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पूवरच भागवितात. रोग वारंवार उलटत असेल तर पुवाची प्रयोगशाळेत तपासणी करून औषध ठरवितात. या तपासणीचा खर्च मालकास नकोसा वाटतो. चुकीच्या औषधाच्या दोन-तीन फेऱ्यांचा खर्च मात्र तो निमूटपणे करतो.